एक रुग्ण, अनेक औषधे

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि संधिवात हे दीर्घकालीन विकार एकाच व्यक्तीत एकत्र आले, की प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी लिहिली जाते आणि बहुऔषधोपचाराची, म्हणजे सामान्यतः पाच किंवा अधिक औषधे नियमित घेण्याची, स्थिती निर्माण होते. यांतील अनेक औषधे आवश्यकच असतात. काळजी घ्यावी लागते ती त्यांच्या परस्परक्रियेची. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनमुळे काहींच्या घोट्यांना सूज येते, ती नवा विकार समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते आणि तिच्यामुळे पोटॅशियम घटले, तर त्यासाठी तिसरे औषध जोडले जाते. दुष्परिणामावर औषध देत जाण्याच्या या क्रमाला औषधसाखळी म्हणता येईल. याहून गंभीर धोका असा, की रामिप्रिलसारखे रक्तदाबाचे औषध आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना दुकानातून परस्पर आणलेले डायक्लोफिनॅक घेतल्यास मूत्रपिंडाला तीव्र इजा होऊ शकते, विशेषतः उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झाले असेल तेव्हा. वेदनाशामक गोळीला निरुपद्रवी मानण्याची सवय म्हणूनच घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या औषधसुरक्षा मोहिमेत बहुऔषधोपचाराला प्राधान्याचा विषय मानले आहे. काढे आणि चूर्णांसह सर्व औषधांची एकच यादी प्रत्येक डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते. मात्र कोणतेही औषध रुग्णाने स्वतःहून बंद करू नये, कारण मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक थांबवल्यास हृदयविकार असलेल्यांना छातीत तीव्र वेदना होऊ शकतात.