पाय सुजायच्या आधीची गोळी

उदगीरच्या आमच्या वस्तीत हत्तीरोगाच्या गोळ्या वाटल्या तेव्हाची गोष्ट. आरोग्य खात्याची ताई संध्याकाळच्या वेळी दारोदार फिरत होती. शेजारच्या काकांनी गोळ्या हातात घेतल्या, "जेवल्यावर खातो, ताई" म्हणाले आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. ताईने वहीत खूण केली आणि ती पुढच्या घरी गेली. पुढे अशोक विजयादशमीच्या आधी घराची साफसफाई निघाली, तेव्हा त्याच गोळ्या फडताळात एका वाटीखाली सापडल्या. काकूंनी विचारले तर काका म्हणाले, "मला काय झालंय? पाय सुजलाय का माझा?"

काकांचा पाय सुजलेला नव्हता, हे खरे. पण ती गोळी पाय न सुजलेल्या माणसासाठीच असते. एवढी एक गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक घराला समजली, तर या पानाचे काम झाले.

हत्तीरोग हा धाग्यासारख्या बारीक जंतांमुळे होतो. मादी जंत आठ-दहा सेंटिमीटर लांब, पण केसासारखी बारीक असते. आपल्या अंगात रक्तवाहिन्यांसारख्याच रसवाहिन्यांचे जाळे असते, त्यांतून अंगातले जादा पाणी वाहून नेले जाते. हे जंत त्या रसवाहिन्यांत घर करतात आणि पाच-सहा वर्षे, कधी त्याहूनही जास्त जगतात. तेवढ्या काळात मादी लाखो पिल्ले रक्तात सोडते. ज्याच्या अंगात हे चालले आहे तो माणूस कामाला जातो, जेवतो, लग्नात नाचतो. त्याला काहीच जाणवत नाही. जंतांची लागण बऱ्याचदा लहानपणी होते आणि पाय किंवा अंडकोश सुजतो तो ऐन कमावत्या वयात. मधली सगळी वर्षे तो धडधाकट दिसतो, आणि त्याचे रक्त पिऊन डास दुसऱ्याच्या अंगणात जातो.

डासाशिवाय हा रोग पसरत नाही. हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका घरात राहिल्याने तो होत नाही. रोग्याच्या रक्तातले पिल्लू डासाच्या पोटात गेले, की दहा-बारा दिवस तिथे वाढते आणि मगच दुसऱ्या माणसाला लागू शकते. एक-दोन डास चावून हा रोग होत नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे तेच ते डास चावत राहिले की होतो. म्हणजे ज्या वस्तीत नाली तुंबलेली आणि डास कायमचे, तिथे हा रोग मुक्कामाला येतो. त्याचा संबंध मागल्या जन्माच्या पापाशी लावणारे अजूनही भेटतात. त्यांना नालीकडे बोट दाखवावे.

रक्तात पिल्ले असतात हे टिमोथी लुईस या डॉक्टरने १८७२ साली कलकत्त्यात पाहिले. ती डासाच्या अंगात वाढतात हे पॅट्रिक मॅन्सनने १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात दाखवून दिले. त्यासाठी त्याने रक्तात जंत असलेल्या आपल्या माळ्याला डास चावू दिले आणि मग ते डास चिरून पाहिले. पुस्तकात मॅन्सनचे नाव मोठ्या अक्षरात आहे. ज्याच्या रक्तावर हा शोध लागला त्या माळ्याचे नाव फारसे कोणी घेत नाही.

या पिल्लांची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दिवसा ती फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात. रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, ती अंगभर रक्तात उतरतात, कारण त्यांना नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. म्हणून हत्तीरोगाचे पथक रात्री येते. "हे कसले सरकारी लोक, रात्री अंधारात रक्त मागतात," असे म्हणून कित्येक घरे कडी लावून घेतात. दिवसा घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर पिल्ले बहुधा दिसतच नाहीत, तेव्हा रात्रीचा त्रास नाइलाजाचा आहे. बोटाला एक टोचणी, दोन-तीन थेंब, एवढेच काम असते.

२००४ साली देशात सामूहिक औषधोपचार मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. हत्तीरोगाच्या सरकारी यादीत विदर्भातले बरेच जिल्हे आहेत, आणि मराठवाड्यातले लातूर, नांदेड, उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिवही आहेत. आपल्या शिवेला लागून असलेला बिदरही कर्नाटकाच्या यादीत आहे. उदगीरचा बाजार, दवाखाना, सोयरीक सगळे बिदरशी जोडलेले आहे, आणि डासाला दोन राज्यांची सीमा दिसत नाही. शिवाय आपले लोक हंगामाला कारखान्यावर ऊस तोडायला जातात, वीटभट्टीवर जातात, हैदराबाद-पुण्याला बांधकामावर जातात. पथक येते तेव्हा नेमकी हीच माणसे घरी नसतात. मोहिमेचा शेवट ठरवताना पहिली-दुसरीच्या मुलांच्या बोटाचे रक्त तपासतात. मुले लहान असतात, त्यांना जंत लागले असतील तर ते अलीकडेच लागले असणार, म्हणजे डास अजून रोग वाहतो आहे. शाळेतून अशी तपासणीची चिठ्ठी आली तर मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका.

मोहीम असते तेव्हा दोन औषधे देतात: डीईसी आणि अल्बेंडाझोल. डीईसी वयाप्रमाणे, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला एक गोळी, सहा ते चौदापर्यंत दोन, पंधरा वर्षे आणि पुढे तीन. अल्बेंडाझोलची एकच, ती चावून खायची. काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही जोडतात, ते उंची मोजून देतात. महाराष्ट्रात ही तीन औषधांची पद्धत २०१९ साली नागपूर जिल्ह्यात सुरू झाली. दोन वर्षांच्या आतले मूल, गरोदर बाई आणि अंथरुणाला खिळलेला आजारी माणूस यांना गोळ्या देत नाहीत. बाकी सगळ्यांनी घ्यायच्या, वर्षातून एकदा, पोटात अन्न असताना, आणि देणाऱ्यासमोरच गिळायच्या. "समोरच गिळा" असे ताई म्हणते तेव्हा ती आपल्यावर अविश्वास दाखवत नसते. तिला फडताळातल्या वाट्या माहीत असतात.

गोळी खाल्ल्यावर काहींना ताप येतो, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. लगेच वस्तीभर बातमी फिरते, "गोळीनं पोरगं आजारी पडलं." बहुतेक वेळा हा त्रास त्यालाच जास्त होतो ज्याच्या रक्तात पिल्ले होती. ती एकदम मरतात, म्हणून अंग तापते. दिवस-दोन दिवसांत उतरते. त्रास जास्त वाटला तर दवाखान्यात दाखवावे, पण ज्याला ताप आला त्याने मनाशी समजून घ्यावे, की आपल्या अंगात चोर होता आणि तो आता मेला.

आता ज्यांचा पाय सुजून गेला त्यांच्याविषयी. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी राहत. उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा. लुगड्याचा काठ त्या घोट्याच्याही खाली ओढून बसत. विहारात सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसत आणि वंदना संपायच्या आधी उठत, कारण पाय घेऊन उठताना कोणी पाहू नये. आम्ही पोरे त्यांना काय नावाने हाक मारत होतो ते इथे लिहिण्याची लाज वाटते. त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लालबुंद व्हायचा, आणि प्रत्येक तापानंतर सूज थोडी वाढलेली असायची. कोणी लेप लावला, कोणी शेकायला सांगितले, कोणी दोरा बांधला. पाय रोज साबणाने धुवा, हे कोणीच सांगितले नाही.

तो ताप जंतांचा नसतो. सुजलेल्या पायाच्या कातडीला चिरा पडतात, बोटांच्या बेचक्यांत ओल राहून चिखल्या होतात, आणि तिथून दुसरे जंतू आत शिरतात. ते दार बंद केले की ताप कमी होतो, सूज वाढायची थांबते, पुष्कळांची थोडी उतरतेही. त्यासाठी साधा अंगाचा साबण आणि स्वच्छ पाणी लागते. गरम पाणी नको. रोज रात्री पाय हलक्या हाताने धुवायचा, घड्या आणि बोटांच्या बेचक्या सोडायच्या नाहीत. मग मऊ सुती कापडाने टिपून कोरडा करायचा. बोटांच्या फटी कोरड्या करणे हे सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच राहून जाते. चीर किंवा चिखली दिसली तर दवाखान्यातून मलम आणून लावायचे. झोपताना बाजेच्या पायथ्याखाली एकेक वीट ठेवून पाय उंच करायचा (हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच). बसल्या बसल्या घोटा वर-खाली, गोल फिरवायचा. अनवाणी फिरायचे नाही. ताप आला की शेकायचे नाही, चोळायचे नाही. थंड पाण्याची पट्टी, विश्रांती आणि दवाखाना. पाय स्वतःला धुता येत नसेल तर सुनेने, लेकाने, नातवाने धुवावा. आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदाबरोबर स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली होती, ही कथा आपण विहारात ऐकलेली आहे.

प्रत्येक सुजलेला पाय हत्तीरोगाचा नसतो, हेही सांगायला हवे. मूत्रपिंड, हृदय, शिरांचे आजार यांतही पाय सुजतो, म्हणून आधी तपासून घ्यावे.

पुरुषांची गोष्ट आणखी अवघड, कारण ती दिसत नाही आणि कोणी बोलत नाही. अंडकोशात पाणी भरते, त्याला डॉक्टर हायड्रोसील म्हणतात. माणूस सैल पायजमा घालतो, सायकल सोडतो, कामाला जाणे कमी करतो, आणि बायकोलाही सांगत नाही. पायाची सूज पूर्ण जात नाही, पण हायड्रोसील ऑपरेशनने बरे होते. ऑपरेशन छोटे असते आणि सरकारी रुग्णालयात मोफत होते. वाचणाऱ्या बहिणींनी हा परिच्छेद घरातल्या पुरुषांपुढे उघडा ठेवावा.

डासाचे काय? आपल्याकडे पाणी आठ-आठ दिवसांनी येते म्हणून प्रत्येक घरात ड्रम भरलेले असतात. झाकण नसलेल्या त्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास होतो. हत्तीरोगाचा डास वेगळा, त्याला घाण, साचलेले पाणी लागते: तुंबलेली नाली, न्हाणीच्या मागचा डबका, संडासाची टाकी. टाकीच्या वरच्या पाइपाला बारीक जाळी किंवा जुने नायलॉनचे कापड बांधले तर शेकडो डास आतच मरतात. हा बिनखर्चाचा उपाय फार कमी घरांत दिसतो. रात्री मच्छरदाणी हवीच.

नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले. न्हाणीचे पाणी पाइपातून खड्ड्यात, खड्ड्यात वरच्या बाजूला भोके पाडलेली सिमेंटची टाकी, तिच्याभोवती दगड. पाणी जमिनीत मुरते, नाली उघडी राहतच नाही, आणि डासाला अंडी घालायला जागा मिळत नाही. ‘डासमुक्त गाव’ म्हणून त्याचा बोलबाला झाला आणि जिल्ह्यातल्या इतर गावांनीही खड्डे खणले. खेड्यातल्या आपल्या वाड्यांना हे करता येईल. फक्त खड्डा पिण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून लांब असावा. शहरातल्या वस्तीत दोन घरांमध्ये हातभर जागा नसते, तिथे शोषखड्डा कुठे खणणार? तिथली नाली वाहती ठेवणे हे नगरपरिषदेचे काम आहे. ते उपकार म्हणून मागू नये. महिला मंडळाने तारखेसह लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांनी ती पोच घेऊन पुन्हा जावे.

एक सूचना मांडतो. वर्षावासात आपल्या विहारांत रात्री ग्रंथवाचन चालते. जेवणे उरकून माणसे नऊ-साडेनऊला तिथे जमलेली असतात, म्हणजे पोटात अन्न असते आणि रक्तात पिल्ले उतरायची वेळ जवळ आलेली असते. विहार समितीने आरोग्य केंद्राला पत्र देऊन हत्तीरोगाचे पथक एखाद्या रात्री विहारातच बोलवावे. जिथे गोळ्यांची मोहीम असेल तिथे वाचन संपल्यावर पाण्याचा माठ पुढे ठेवून सगळ्यांनी एकत्रच गोळ्या घ्याव्यात. शेजारच्या काकांना मी आधीच सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, "समोर बसून खातो, मग तर झालं?"