ग्रीन्सबर्ग : अमेरिकेंतील एक शेतकरी गांव

अमेरिका म्हटली कीं न्यूयॉर्क, शिकागो अशीं गगनचुंबी इमारतींचीं शहरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्या शेतकऱ्यांच्या गव्हामक्यावर हीं शहरें पोसलीं गेलीं, त्यांचीं गांवें कशीं आहेत, तेथें माणसें किती राहतात व तीं वाढत आहेत कीं ओसरत आहेत, याची माहिती आपल्याकडे फारशी येत नाहीं. म्हणून कॅन्सस संस्थानाच्या दक्षिण भागांतील ग्रीन्सबर्ग या एकाच गांवाची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. हेंच गांव निवडण्याचें कारण असें कीं, इतर शेंकडों गांवांत जें पन्नास वर्षें हळूहळू घडत आलें, तें येथें एका रात्रींत उघडें पडलें.

ग्रीन्सबर्ग हें कायोवा काउंटीचें मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा विभाग समजावा. ज्या मूळच्या लोकांचें नांव या काउंटीस आहे, त्यांना १८६७ सालच्या तहानें दक्षिणेकडील राखीव मुलखांत जावें लागलें. त्यानंतर गोऱ्या लोकांची वस्ती आली आणि १८८६ सालीं हें गांव वसलें. त्या मैदानी मुलखाची मोजणी चौरस मैलाच्या, म्हणजे ६४० एकरांच्या, चौकटींनीं झालेली आहे. १८६२ च्या कायद्यान्वयें नवीन वसाहतवाल्यास अशा चौकटीचा चौथा भाग, १६० एकर, मिळे. मात्र त्यानें पांच वर्षें त्या जमिनीवर राहून ती कसली पाहिजे अशी अट असे. या अटीचा परिणाम फार दूरवर झाला. आपल्याकडे घर गांवठाणांत व शेत शिवारांत. तिकडे शेतकऱ्याचें घर त्याच्या शेतांतच, आणि सर्वांत जवळचा शेजारी अर्ध्या मैलावर. गांव हें शेतकऱ्यांच्या राहण्याचें ठिकाण नव्हेच. दुकान, रेल्वे, कचेरी, शाळा, प्रार्थनामंदिर व धान्याचें कोठार यांच्यासाठीं तें उभें राहिलें. सभोंवारचीं शेतघरें कमी झालीं कीं गांवाचा आधार तितकाच सुटतो, हें पुढील हकीकत समजण्यास ध्यानांत ठेवावें.

येथील मोठी विहीर सर्व अमेरिकेंत प्रसिद्ध आहे. रेल्वेच्या एंजिनांस व गांवास पाणी पाहिजे म्हणून ती १८८७-८८ सालीं माणसांनीं कुदळ-फावड्यांनीं खणली. व्यास ३२ फूट व खोली १०९ फूट, म्हणजे सुमारें अठरा परस. बांधणीचा दगड गाड्यांतून आणून तिला कडें घातलें. १९३२ पर्यंत गांवानें हिचें पाणी वापरलें. पुढें ती प्रेक्षणीय स्थळ म्हणून राखून ठेविली. ज्या देशांत यंत्रावांचून कांहीं होत नाहीं असें आपण समजतों, तेथील गांवाचें भूषण हातानें खणलेली विहीर असावी, हें वाचून आपल्याकडील विहीर खणणारांस बरें वाटेल!

आतां लोकसंख्येकडे वळूं. १९६० च्या खानेसुमारींत गांवचीं माणसें १,९८८ होतीं. हा उच्चांक. १९८० सालीं तीं १,८८५ झालीं आणि २००० सालीं १,५७४. या चाळीस वर्षांत तेथें दुष्काळ पडून लोक पळाले, असें झालेलें नाहीं. गहू पिकतच होता, आणि पूर्वीपेक्षां अधिक पिकत होता. कारण निराळेंच आहे. येथें पाऊस वर्षाला सुमारें पंचवीस इंच. हिंवाळी गहू सप्टेंबर-आक्टोबरांत पेरून जूनमध्यें कापतात. ही कापणी, मळणी व उफणणी एकच यंत्र चालतां चालतां करतें. पुष्कळ ठिकाणीं तर हीं यंत्रें भाड्यानें घेऊन फिरणाऱ्या टोळ्या टेक्सासपासून उत्तरेकडे, गहू जसजसा पिकत जाईल तसतशा सरकत येतात. पूर्वीं जें काम दहा कुटुंबांस पुरत नसे, तें एक कुटुंब करूं लागलें. मग यंत्राची किंमत भरून येण्यासाठीं त्यास अधिक जमीन पाहिजे. शेजारी म्हातारा झाला कीं त्याची जमीन हा घेतो. २०१७ च्या शेतकी खानेसुमारींत कॅन्ससमधील शेताचा सरासरी आकार ७८१ एकर भरला, म्हणजे मूळच्या १६० एकरांच्या जवळजवळ पांचपट. पांच घरांच्या जागीं एक घर राहिलें कीं शाळेंत मुलें कमी, दुकानांत गिऱ्हाइकें कमी, डॉक्टरास रोगी कमी. मुलगा शिकावयास शहरांत जातो आणि तेथेंच राहतो. कारण बापाच्या शेतावर दुसऱ्या जोडप्याला पुरेसें काम नसतें. प्रत्येक शेतकऱ्यानें स्वतःपुरता शहाणपणाचाच व्यवहार केला, आणि त्या सर्व शहाणपणांची बेरीज गांव रिकामें होण्यांत झाली. यांत दोष कोणास द्यावा हें ठरविणें सोपें नाहीं.

अशा स्थितींत ४ मे २००७ रोजीं रात्रीं पावणेदहाच्या सुमारास गांवावर चक्रीवादळ आलें. त्याची रुंदी सुमारें पावणेदोन मैल, म्हणजे सबंध गांवाहूनही अधिक होती व वाऱ्याचा वेग ताशीं दोनशें मैलांवर गेला होता असा अंदाज आहे. गांवाचा शेंकडा ९५ भाग जमीनदोस्त झाला. दवाखाना, शाळा, नगरकचेरी, कांहीं उरलें नाहीं; सिमेंटचें उंच धान्यकोठार मात्र उभें राहिलें. या वादळांत अकरा माणसें दगावलीं. पंधराशें वस्तीचें गांव पुसलें जाऊनही संख्या इतकीच राहिली याचीं कारणें दोन. हवामानखात्याच्या इशाऱ्यावरून धोक्याचे भोंगे सुमारें वीस मिनिटें आधीं वाजले, आणि त्या भागांत बहुतेक घरांखालीं तळघर असतें, त्यांत लोक जाऊन बसले.

पुढें प्रश्न आला तो असा कीं, जें गांव वादळाआधींच ओसरत होतें तें पुन्हां बांधावें कशासाठीं? लोकांनीं तंबूंत सभा भरवून बांधण्याचें ठरविलें; आणि बांधावयाचेंच तर वीज व पाणी कमींत कमी लागेल असें बांधावें असाही निश्चय केला. नगरसभेनें मोठ्या सार्वजनिक इमारती ऊर्जाबचतीच्या सर्वांत वरच्या प्रतीच्या असाव्यात असा ठराव केला. असा ठराव करणारें अमेरिकेंतील हें पहिलेंच गांव. जुन्या वळणाच्या शेतकऱ्यांस हें आरंभीं शहरी लोकांचें खूळ वाटलें. परंतु त्यांचे आजेपणजे पवनचक्कीनें पाणी ओढीत व पावसाचें पाणी टांकींत सांठवीत, हें कोणींतरी आठवून दिल्यावर विरोध पुष्कळ मावळला. जाड भिंती व दुहेरी कांचेच्या खिडक्या यांमुळें अनेक नव्या घरांचा ऊर्जेचा खर्च सुमारें शेंकडा ४० नीं उतरला. रस्त्यांवरचे सर्व दिवे कमी वीज खाणारे बसविले.

गांवाबाहेर २०१० सालीं दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीची शक्ति सव्वा मेगावॉट. गांवास लागते त्याहून कितीतरी अधिक वीज त्यांतून होते व उरलेली इतरत्र जाते. आपल्या वाचकांस विशेष वाटेल ती गोष्ट ही कीं, या चक्क्या सुझलॉन कंपनीच्या आहेत, आणि त्या कंपनीचें मुख्य ठाणें पुण्यास आहे. सातारा-धुळ्याकडील माळांवर याच कंपनीच्या चक्क्या आपण पाहतों. कॅन्ससमध्यें अशा चक्कीखालचा शेतकरी जमीन विकत नाहीं. जागेचें भाडें दरसाल घेतो आणि खांबाच्या भोंवतीं नांगर चालवितो. जमीन देण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांनीं हा भेद नीट पाहून ठेवावा.

एवढें होऊनही माणसें मात्र परत आलीं नाहींत. २०१० च्या खानेसुमारींत ७७७ व २०२० सालीं ७४० एवढीच वस्ती भरली. जुनें घर बऱ्याच वर्षांचें, त्याची किंमत थोडी. विम्याच्या पैशांत नवें घर होईना. म्हातारीं माणसें मुलांकडे गेलीं. भाडेकरूंस तर परत यावयास कांहीं उरलेंच नव्हतें. हिरव्या गांवाची कीर्ति ऐकून कारखाने येतील अशी आशा होती, ती बव्हंशीं फोल ठरली.

जे राहिले त्यांचें जीवन कसें आहे? रस्ते रुंद, घरें सुटीं, प्रत्येक घरापुढें हिरवळ. मोटारीवांचून पाऊल टाकतां येत नाहीं; मोठ्या बाजारासाठीं तीस मैलांवर प्रॅट अथवा पंचेचाळीस मैलांवर डॉज सिटी गांठावी लागते, आणि मोठें शहर विचिटा शंभर मैलांच्या पलीकडे. वादळानंतर दवाखाना कांहीं काळ तंबूंत चालला. आतां नवी इमारत आहे. नवी शाळा एकट्या गांवाची राहिली नसून आसपासच्या गांवांचीं मुलेंही तींत येतात. शाळेचा बराच खर्च जमीन व घरें यांवरील करांतून निघत असल्यामुळें शेतकरी शाळामंडळाच्या निवडणुकीकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. आग विझविण्याचें काम बहुतांशीं गांवकरीच स्वयंसेवक म्हणून करतात. वस्ती शंभरांत नव्वदांहून अधिक गोऱ्यांची आहे व तींत वयस्कांचा भरणा मोठा.

याच्या अगदीं उलट चित्र शेजारच्या डॉज सिटीचें आहे. तेथें गुरांचे मोठे कत्तलखाने आहेत. तें काम जड, धोक्याचें, म्हणून जुने रहिवासी तें करीत नाहींत. मेक्सिको, ग्वाटेमाला इत्यादि देशांतून आलेलीं कुटुंबें तें करतात. २०२० सालीं त्या शहरांत २७,७८८ माणसें होतीं व त्यांपैकीं निम्म्याहून अधिक स्पॅनिश भाषिक घराण्यांतील. तेथें शाळांत वर्ग अपुरे पडतात, घरांचीं भाडीं चढतात. ग्रीन्सबर्गला हवीं असलेलीं मुलें पंचेचाळीस मैलांवर आहेत, पण त्यांच्या आईबापांस देण्याजोगें काम या गांवाजवळ नाहीं. जून महिन्यांत गव्हाच्या मोटारी धान्यकोठारापुढें रांग लावतात, तेवढे दिवस रस्ता भरलेला दिसतो. आणि त्या मोटारी हांकणारे बरेचसे त्या गांवचे नसतात.