जुन्या वायुमापकास नवे नाक

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात अड्यार येथे केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. 1948 साली स्थापन झालेल्या या संस्थेने कातडी कमावण्याच्या जुन्या धंद्यास शास्त्राची जोड दिली. आपल्या पायांतील जोडा किंवा हातांतील पिशवी पाहून वाचकांना कल्पनाही येणार नाही. परंतु हे चामडे तयार होताना एका अदृश्य शत्रूशी गाठ पडू शकते.

कच्च्या कातड्यावरील केस काढण्यासाठी चुना व सोडियम सल्फाइड यांचे पाणी वापरतात. हे सांडपाणी आम्लयुक्त पाण्यात मिसळले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे हौद व गटारे यांच्या तळाशी साचतो. प्रथम त्यास कुजक्या अंड्यांचा वास येतो. पण हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे 100 भाग झाले की आपले नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, अशा समजुतीने खाली उतरणारा मनुष्य प्राणास मुकतो.

मग ज्वलनशील वायू ओळखणारे जुने यंत्र घरात असेल, तर तेच का वापरू नये? या यंत्रात प्लॅटिनमच्या तारेवर बसविलेले दोन तप्त मणी असतात. त्यांपैकी एकावर उत्प्रेरक असतो. त्यावर वायू जळला की तारेचा विद्युत्‌रोध वाढतो, चार्ल्स व्हीट्‌स्टन यांनी 1843 साली प्रसिद्धीस आणलेल्या ‘सेतू’चा तोल ढळतो आणि काटा सरकतो. परंतु हे यंत्र स्फोटाचे भय सांगते, विषाचे नव्हे. हायड्रोजन सल्फाइड पेट घेण्यास दहा लक्षांत सुमारे 40,000 भाग लागतात. त्या मर्यादेचा शंभरावा हिस्सा झाला, तरी काटा जेमतेम हलतो; आणि तेव्हा हवेत 400 भाग विष असते! 1948 च्या कारखाना कायद्यास जोडलेल्या अनुसूचीत आठ तासांच्या कामासाठी दिलेली मर्यादा केवळ 10 भागांची होती. शिवाय हाच वायू उत्प्रेरकासही मंद करतो.

तेव्हा तीच पेटी व तोच काटा ठेवून विद्युत्‌रासायनिक संवेदक बसविता येईल काय? येईल, मात्र मणी काढून त्यांच्या जागी तो नुसता जोडून चालणार नाही. मण्यांना तापविणारा प्रवाह त्याचा नाश करील. म्हणून सेतू व त्याचा पुरवठा प्रथम तोडावा. नव्या संवेदकास बहुधा तीन विद्युदग्रे असतात. एक लहान प्रवर्धक संदर्भ-अग्राचा दाब स्थिर राखतो. दुसरा, कार्यकारी अग्रातून येणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाचे दाबात रूपांतर करतो. समजा, दर भागास 0.7 मायक्रोअँपिअर प्रवाह मिळतो. मग 10 भागांस 7 मायक्रोअँपिअर झाले. प्रवर्धकाचा रोध 10,000 ओहम ठेविला, तर 70 मिलिव्होल्ट हाती येतात. हा दाब योग्य प्रमाणात वाढवून काट्यास द्यावा.

तबकडी बदलण्यास मात्र विसरू नये. जुने शेकड्याचे आकडे तसेच राहिले, तर उत्तम मंडलही वाचणाऱ्यास फसवील. 0 ते 50 भागांची नवी तबकडी लावून स्वच्छ हवेत शून्य जुळवावे, मग प्रमाणित 25 भागांच्या वायूने वाचन तपासावे. चेन्नईसारख्या उष्ण गावी तापमानाप्रमाणे वाचन बदलते, हेही ध्यानात ठेवावे. संवेदक हळूहळू झिजतो. म्हणून ही परीक्षा वारंवार करावी.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फेरफार केलेल्या यंत्राचे स्फोटसुरक्षिततेचे प्रमाणपत्र उरत नाही. ते प्रयोगशाळेत अभ्यासासाठी ठेवावे; हौदात जाणाऱ्याच्या जिवाची हमी म्हणून त्याच्या हाती कदापि देऊ नये. तेथे प्रमाणित यंत्रच हवे, प्राणवायूची स्वतंत्र मोजणी हवी, जोराचे वायुवीजन हवे आणि बाहेर पहारा हवा. आत कोणी कोसळलाच, तर श्वसनयंत्राशिवाय धाव घेऊ नये. धाव घेणाराही त्याच हवेत श्वास घेतो आणि एकाच्या जागी दोघांचे प्राण जातात.