तत्पर वर्दीची बरखास्ती
वेबपानातील एखादा घटक बदलताच तत्क्षणी त्याची वर्दी प्रोग्रामला पोहोचविणारी ‘म्यूटेशन इव्हेंट’ नामक जी व्यवस्था 2000 साली मानकात दाखल झाली, तिचा दोष तिच्या तत्परतेतच होता. कारण प्रत्येक फेरफारागणिक ब्राउझरला हातचे काम तहकूब करावे लागे, आणि वर्दी घेणारा प्रोग्राम त्याच वेळी पानात आणखी ढवळाढवळ करू लागला, तर दप्तरदार मोजत असतानाच रुमालातले कागद कोणी काढून घ्यावेत तसा सारा हिशेब विस्कटून ब्राउझर कोसळण्याचाही प्रसंग येई. 2012 मध्ये क्रोम व फायरफॉक्स यांत आलेला ‘म्यूटेशन ऑब्झर्व्हर’ मात्र फेरफारांची यादी करून, चालू काम हातावेगळे झाल्यावरच ती एकत्र सादर करतो. जुनी व्यवस्था क्रोममधून बरखास्त झाली ती थेट 2024 साली, 127व्या आवृत्तीत. जुन्या संकेतस्थळांसाठी दाखविलेली ही सबुरी मला तरी फाजील वाटत नाही.