ऊब हुंगणारं नाक

मार्गशीर्ष-पौषात वाळूजचं आभाळ इतकं निवळ असतं, की दिवसभर तापलेली जमीन सूर्य बुडताच सगळी उष्णता वर सोडून देते. अडवायला ढगांचं पांघरूण नाही, हवा कोरडी, समुद्र दूर. म्हणून दुपारी स्वेटर काढायला लावणारं ऊन आणि पहाटे दातावर दात वाजवणारी थंडी एकाच दिवसात पडते. आपण रजई ओढून घेतो. बजाजनगरच्या एखाद्या गॅलरीत बांधलेलं किंवा एमआयडीसीतल्या कारखान्याच्या गेटवर झोपणारं कुत्रं काय करत असेल?

बरंच काही करतं, आणि ते समजलं की थक्क व्हायला होतं. नाकापासूनच बघा. कुत्र्याच्या नाकाचा शेंडा गार आणि ओला असतो. तो तसा का, याचा शोध स्वीडनमधलं लुंड विद्यापीठ आणि बुडापेस्टचं ओत्वोश लोरांड विद्यापीठ इथल्या संशोधकांनी घेतला आणि 2020 मध्ये निष्कर्ष मांडला. त्यांनी कुत्र्यांपुढे दोन सारख्या वस्तू ठेवल्या. फरक एवढाच, की त्यातली एक किंचित कोमट होती. सुमारे दीड मीटरवरून, हात न लावता, कुत्र्यांनी कोमट वस्तू ओळखली! गार नाकावर दूरच्या उबेचे किरण पडले की ते त्यांना जाणवतात. आत्ताच थांबलेल्या टेम्पोखाली कुत्रं नेमकं जाऊन बसतं, त्यात या नाकाचाही वाटा असेल, असं मला वाटतं.

आता पंजा घ्या. गार फरशीवर उघडी गादी टेकवून ते तासन् तास उभं राहतं आणि तरी गारठत नाही. कुत्र्याच्या पंजातल्या रक्तवाहिन्यांची बारीक रचना जपानमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये उलगडून दाखवली. पंजाकडे जाणाऱ्या रोहिणीभोवती परतणाऱ्या नीलांचं जाळं असतं. ऊन रक्त खाली जाता जाता आपली उष्णता वर येणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकतं. पंजा गार राहतो, पण गोठत नाही, आणि पोटातली ऊब पायांवाटे गळून जात नाही. गंगापूर तालुक्याच्या कडेला, नाथसागराच्या पाण्यात हिवाळाभर बदकं आणि पाणपक्षी अनवाणी उभे असतात, त्यांच्या पायांतही हीच युक्ती आहे. पक्ष्याच्या आणि कुत्र्याच्या पायाला एकच तोडगा सुचावा, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण झोपलं की हिशेब बदलतो. नाक शेपटीत खुपसून वेटोळं केलं, केस उभारून त्यांत हवा कोंडली, तरी खालची बाजू मार खाते. तिथले केस दबतात, त्यांतली हवा निघून जाते आणि कोबा रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहतो. वाळूजमध्ये यावरचा उपाय प्रत्येक गल्लीत पडलेला असतो: लाकडी पॅलेट आणि पुठ्ठ्याचे खोके. पॅलेटने जनावर जमिनीपासून चार बोटं वर येतं, तर पुठ्ठ्याच्या नळ्यांत हवा अडकलेली असते. वर कोरडा कडबा किंवा भुसा पसरा. गोणपाट घातलंत तर सकाळी वाळवा, कारण दवाने भिजलेलं पोतं नसलेलं बरं. शेकोटीजवळ जनावर बसणारच. तिच्यात प्लास्टिक, रबर किंवा ऑइलच्या चिंध्या तेवढ्या टाकू नका.

मांजराची गोष्ट वेगळी. त्याला खरं सुख 30 ते 38 अंशांत मिळतं. आपण जिला छान गुलाबी थंडी म्हणतो, ती त्याच्यासाठी नुसतीच थंडी. म्हणून ते बॉनेटखाली शिरून कोमट इंजिनला चिकटून झोपतं. पहिल्या पाळीला निघताना बॉनेटवर दोन थापा मारा, क्षणभर थांबा, मग चावी फिरवा. गाडीखाली सांडलेलं कूलंटही लगेच पुसून काढा. बऱ्याच कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं. पोटात गेल्यावर यकृत त्याचं ऑक्झॅलिक आम्ल करतं, त्याचे खडे मूत्रपिंडात बसतात आणि लहान मांजराला एखादा चमचाही पुरतो. उतारा आहे, पण मांजराला तो पहिल्या तीनेक तासांतच लागू पडतो. त्यामुळे नुसता संशय आला तरी डॉक्टर गाठा. मांजर शिंकतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. हे औषध निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते, आणि एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

सगळ्यात नाजूक जीव मात्र पिलं. गावठी कुत्र्यांचा हंगाम भादव्यातला, गर्भाचे दिवस साधारण 63. म्हणजे पिलं जन्मतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीच्या तोंडावर. आणि त्यांना पहिले काही दिवस धड कुडकुडताही येत नाही! अंगाची ऊब टिकवण्याची सारी व्यवस्था अजून तयार व्हायची असते, म्हणून ती एकमेकांवर ढीग करून आईला बिलगतात. वेगळं पडलेलं पिलू आधी ओरडतं, मग गप्प होतं. गप्प झालं की धोका वाढला म्हणून समजा. अशा वेळी आपला हात दुधाकडे जातो, पण थंड पडलेल्या पिलाचं आतडं जवळजवळ थांबलेलं असतं, त्यामुळे दूध पचत नाही आणि फुप्फुसात जाण्याची भीती असते. आधी कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवून तासा-दीड तासात हळूहळू ऊब द्या. अंग गरम लागलं आणि पिलू चोखायला लागलं, की त्याला आईजवळ सोडा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आईला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, तेव्हा तिच्या वाट्याच्या भाकरीबरोबर एखादं उकडलेलं अंडंही असू द्या.