न दुखणाऱ्या मुलाची साक्ष

वेदनाशामकांच्या गेल्या वीस वर्षांच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार संशोधकांना कधी भेटलाच नाही. उत्तर पाकिस्तानातला हा दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवी. हातातून सुऱ्या आरपार घाली, निखाऱ्यांवरून चाले. केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या चमूने तपासण्याआधीच, चौदाव्या वाढदिवशी घराच्या छपरावरून उडी मारून तो मेला. मग त्याच भागातल्या, नात्यातच लग्ने होणाऱ्या तीन कुटुंबांतले सहा जण तपासले गेले. चावून फाटलेले ओठ, दुखावलेल्या जिभा, न कळता मोडलेली हाडे. पण स्पर्श, ऊन-गार, गुदगुल्या सारे शाबूत. सहाही जणांत एससीएन९ए हे जनुक निकामी होते, म्हणजेच संवेदी चेतापेशींतले नॅव्ह १.७ हे सोडियम चॅनल बंद. २००६ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आले आणि औषध कंपन्यांनी हिशेब मांडला : चॅनल नसले की वेदना नाही, तेव्हा चॅनल बुजवणारी गोळी करा. चॅनलचे आठ भाऊबंद आहेत, त्यांतला १.५ हृदय चालवतो, म्हणून गोळी नेमकी हवी, एवढीच काय ती अडचण.

माझ्या मते हा हिशेब घाईचा होता, आणि त्याचा पुरावा त्याच शोधनिबंधात होता. त्या सहा जणांच्या आईवडिलांत जनुकाची एकच प्रत बिघडलेली होती आणि त्यांना वेदना नेहमीसारखी होत होती. म्हणजे अर्धे चॅनल गेले तरी वेदनेचे काम अडत नाही. औषधाला ते जवळजवळ पूर्ण बुजवावे लागेल. फायझरचे पीएफ-०५०८९७७१ हे नेमके औषध मधुमेही चेताविकारात समाधानकारक ठरले नाही, तेव्हा मात्रा वाढवायला हवी होती, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा, कारण वेदना न होण्यामागे चॅनल बंद असणे एवढेच नाही. लंडनच्या जॉन वुड यांच्या चमूने २०१५ साली दाखवले, की १.७ नसलेल्या उंदरांत एन्केफॅलिन हे शरीराचे स्वतःचे अफूसदृश द्रव्य वाढलेले असते. अफूचा परिणाम मोडणारे नॅलोक्सोन दिल्यावर १.७ नसलेल्या, वेदना न जाणवणाऱ्या ३९ वर्षांच्या एका स्त्रीला वेदना जाणवली. गंमत अशी, की जन्मतः वेदना न जाणवणाऱ्या एका रुग्णावर नॅलोक्सोनचा प्रयोग करून फ्रेंच डॉक्टरांनी १९७७ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये हाच संशय नोंदवला होता. जनुक ठाऊक नव्हते, म्हणून ती नोंद अडगळीत पडली. २०२१ मध्ये वुड यांच्याच प्रयोगशाळेने आणखी एक गाठ सोडवली : १.७ नसलेल्या उंदरांत वेदनेचे चेतातंतू बाहेरच्या टोकाला बऱ्यापैकी चेततात. अडते ते मज्जारज्जूतल्या टोकाशी, संदेश पुढे सोपवताना. कंपन्यांचे अनेक रेणू मात्र मध्यवर्ती मज्जासंस्थेत फारसे शिरतच नव्हते.

‘मग सुझेट्रिजिनचे काय?’ असे विचारले जाईल. व्हर्टेक्सची ही गोळी ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत मंजूर झाली. पण ती १.८ वर चालते, आणि १.८ चा शोध अशा एखाद्या मुलापासून लागला नव्हता. तो १९९६ साली वुड यांच्याच चमूने उंदराच्या संवेदी चेतापेशींत लावला. पोट आणि पायाच्या शस्त्रक्रियांनंतर ती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली, हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलच्या जोडीपेक्षा नाही. कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यावरच्या चाचणीत औषधाने वेदना २.०२ गुणांनी कमी झाली, निष्क्रिय गोळीने १.९८ गुणांनी! तेव्हा व्यसन न लावणारी गोळी मिळाली ही बाब मोठी, पण तिने १.७ चा हिशेब बरोबर ठरत नाही. १.७ बुजवून सोबत अफूवर्गीय औषधाची अगदी लहान मात्रा द्यावी, ही वुड यांची सूचना उपलब्ध पुराव्याशी सर्वांत जुळते. कंपन्यांना ती गैरसोयीची आहे, कारण ‘अफूविना’ हीच त्यांच्या मालाची जाहिरात आहे.