अर्धवेळ काम, उरलेल्याला सरकारी टेकू

ब्रिटनमध्ये कोरोनाकाळात ‘फर्लो’वर, म्हणजे सरकारी मदतीच्या पगारावर, घरी बसवलेल्यांना सुरुवातीला त्याच मालकाकडे तासभरही काम करता येत नव्हते. 1 जुलै 2020 पासून ही अट सुटली. समजा, हॉटेलातला आचारी आठवड्याचे 40 तास राबायचा आणि आता त्याला 16 तासांसाठी बोलावले. त्या 16 तासांचा पूर्ण पगार मालकाचा. उरलेल्या 24 तासांचे 80 टक्के वेतन, ठरलेल्या कमाल मर्यादेत, सरकारचे. मात्र हे कामगाराशी ठरवून, लेखी नोंदवून करायचे. सप्टेंबरात सरकारी वाटा 70 टक्क्यांवर, ऑक्टोबरात 60 वर आला. तूट मालकाने भरायची. गिऱ्हाईक हळूहळू परतत असताना हीच सवलत खरी उपयोगाची होती. ती आधीच द्यायला हवी होती. फर्लो योजना 30 सप्टेंबर 2021 ला संपली.